हा भाला कुणाचा? : एका वस्तूचं वाचन



वाङ्मय मंडळाच्या अंकात भाल्यावर लेख कशाला, असं पहिल्यांदा वाटेल. पण आपण वर्गात जे शिकतो, म्हणजे एखादी संहिता कुणी लिहिली, कधी लिहिली, मूळ मजकूर कुठला आणि मागाहून घातलेला कुठला, ते सगळं जसंच्या तसं एका लोखंडी वस्तूला लावता येतं का, हे मला करून बघायचं होतं. जुन्या वस्तूही वाचता येतात. फक्त त्यांच्या ओव्या धातूच्या असतात.

या अभ्यासासाठी मी निवडलेला भाला ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात, हॉफबुर्ग राजवाड्याच्या शाही खजिन्यात आहे. त्याला 'पवित्र भाला' म्हणतात. आपण कॅथलिक मुलं दर गुड फ्रायडेला संत योहानाच्या शुभवर्तमानातलं दुःखसहनाचं वाचन ऐकतो. त्यात एकोणिसाव्या अध्यायात एक प्रसंग येतो : शिपाई वधस्तंभावरच्या माणसांचे पाय मोडायला येतात, येशू आधीच मरण पावलेला त्यांना दिसतो, म्हणून त्याचे पाय न मोडता एक शिपाई त्याच्या कुशीत भाला खुपसतो आणि रक्त व पाणी बाहेर येतं. व्हिएन्नातला भाला हाच तो, असं युरोपात काही शतकं मानलं गेलं.

तेव्हा आपल्यापुढे दोन प्रश्न आहेत. हा भाला मुळात कुठला? आणि तो कशासाठी होता? हे दोन प्रश्न आपण बहुतेक वेळा एकच समजतो, आणि तिथंच सगळा घोटाळा सुरू होतो, असं माझं म्हणणं आहे. एका प्रश्नाचं उत्तर लोखंड देतं. दुसऱ्याचं उत्तर माणसं देतात. पायरी-पायरीनं बघूया.

पहिली पायरी : नुसतं बघणं

कविता शिकवताना सर नेहमी सांगतात, अर्थाकडे धावू नका, आधी शब्द बघा. तसंच इथं. दंतकथा बाजूला ठेवून फक्त समोर काय आहे ते नोंदवायचं.

दांडा नाही. उरलेला आहे तो फक्त लोखंडी फाळ, साधारण अर्धा मीटर लांब. खाली दांडा बसवायची पोकळ खोबण आहे. खोबणीच्या वर, पातं सुरू होतं तिथं दोन्ही बाजूंना छोटे 'पंख' फुटलेले आहेत. इथपर्यंत हा एक चांगला, दणकट युद्धाचा भाला आहे.

पुढची गोष्ट मात्र विचित्र आहे. पात्याच्या मधोमध, उभ्या दिशेनं, लोखंड कोरून काढून एक लांबट फट केलेली आहे. त्या फटीत एक खिळ्यासारखी सळई बसवलेली आहे. तिला मध्येमध्ये गाठींसारखे फुगवटे आहेत आणि त्यांवर पितळेचे छोटे क्रूस जडवलेले आहेत. पात्याच्या खालच्या भागाला दोन्ही बाजूंनी सुरीसारखी पाती चामड्याच्या वाद्यांनी बांधलेली आहेत. पातं मधेच आडवं तुटलेलं आहे, आणि त्या तुटीवर एकावर एक पत्रे गुंडाळलेले आहेत : लोखंडाचा, मग चांदीचा, आणि सगळ्यात वर सोन्याचा.

आता विचार करा. लढाईच्या भाल्याचं पातं कुणी मधोमध कोरून काढेल का? त्यानं पात्याचं सगळं बळच जातं. म्हणजे ज्यानं ती फट पाडली त्याला या भाल्यानं कुणाला मारायचं नव्हतं. त्याला त्या पात्यात काहीतरी ठेवायचं होतं. त्या क्षणी शस्त्राची डबी झाली. शस्त्र आणि समारंभाची वस्तू यांतली सीमारेषा या भाल्यावर नुसत्या डोळ्यांनी दिसते, आणि माझ्या मते तीच या वस्तूतली सगळ्यात महत्त्वाची खूण आहे.

समारंभाचं शस्त्र ही कल्पना आपल्याला नवी नाही. 'भालदार-चोपदार' हा जोडशब्द आपण घरात सहज वापरतो. राजाच्या पुढे चालणाऱ्या भालदाराच्या हातातला भाला कुणाला भोसकण्यासाठी नसायचा. राजा येतोय हे सांगण्यासाठी असायचा. बेळगावात शिवजयंतीच्या चित्ररथांवर मुलं भाले घेऊन उभी असतात, त्यांचंही तेच. धार महत्त्वाची नाही, कुणाच्या वतीनं धरलाय ते महत्त्वाचं.

दुसरी पायरी : लोखंड काय सांगतं

आता पहिला प्रश्न : मूळ कुठलं?

पंख असलेले भाले हा एक ओळखीचा घाट आहे. फ्रँक लोकांच्या राज्यात, म्हणजे आजच्या जर्मनी-फ्रान्सच्या भागात, आठव्या-नवव्या शतकात असे भाले वापरात होते. जमिनीतून निघालेले असे फाळ युरोपातल्या संग्रहालयांत आहेत. नवव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या 'स्टुटगार्ट स्तोत्रसंहिता' या सचित्र हस्तलिखितातले शिपाईही असेच पंखवाले भाले धरून उभे आहेत. पंखांचा उपयोग अगदी व्यवहारी होता. भाला अंगात फार खोल घुसून अडकू नये, चटकन परत ओढता यावा, आणि समोरच्याचा वार अडवता यावा. पुढे युरोपात रानडुकराच्या शिकारीच्या भाल्यांनाही असाच आडवा अडसर असे, कारण भोसकलेलं डुक्कर भाल्यावरून सरकत थेट शिकाऱ्यापर्यंत येऊ नये.

घाटावरून बांधलेला अंदाज धातूच्या तपासणीनंही पक्का होतो. २००३ मध्ये रॉबर्ट फेदर या ब्रिटिश धातुतज्ज्ञानं केलेल्या तपासणीतही हा फाळ सातव्या शतकाच्या आधीचा नाही, असाच निष्कर्ष निघाला. व्हिएन्नाचं संग्रहालय स्वतःच आपल्या नोंदीत त्याला आठव्या शतकातला म्हणतं.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर साफ आहे. हा भाला येरुशलेममधल्या रोमन शिपायाचा नाही. येशूच्या मरणानंतर सहा-सातशे वर्षांनी, आल्प्सच्या उत्तरेकडच्या कुणा लोहारानं तो घडवला.

इथं बरेच लोक वही मिटतात. "झालं, खोटा निघाला." पण पोथीचा कागद नंतरचा निघाला म्हणून आपण पोथी फेकून देतो का? मग तर आपण विचारतो, ही नक्कल कुणी केली, का केली, आणि यात काय घातलं. चला, पुढं जाऊया.

तिसरी पायरी : पत्र्यावरची अक्षरं

मला या अभ्यासात सगळ्यात जास्त मजा इथं आली.

चांदीच्या पत्र्यावर लॅटिनमध्ये लेख कोरलेला आहे. त्याचा मथितार्थ असा : देवाच्या कृपेनं रोमनांचा सम्राट असलेल्या 'तिसऱ्या' हेन्रीनं प्रभूचा खिळा आणि संत मॉरिसचा भाला बळकट राहावा म्हणून ही चांदी करवून घेतली.

आता इतिहासाचं पुस्तक उघडलं तर तिसरा हेन्री १०५६ मध्ये वारला. मग पत्रा त्याच्या काळातला का? नाही. लेखातला 'तिसरा' म्हणजे आपण आज ज्याला चौथा हेन्री म्हणतो तो. कारण असं की पहिला हेन्री जर्मनांचा राजा होता, पण रोमला जाऊन त्याचा सम्राट म्हणून अभिषेक कधीच झाला नव्हता. राजांची यादी केली तर हा हेन्री चौथा येतो. फक्त सम्राटांची यादी केली तर तिसरा. लेखात 'सम्राट' म्हणून सही आहे, तेव्हा मोजणीही सम्राटांची.

या एका आकड्यातून तारीख सापडते. चौथ्या हेन्रीला सम्राटपद १०८४ मध्ये मिळालं, आणि ११०५ च्या अखेरीस त्याच्या मुलानं त्याला गादीवरून खाली खेचलं. म्हणजे हा चांदीचा पत्रा या दोन सालांच्या मधला. एका शब्दावरून वीस-एकवीस वर्षांच्या टप्प्यात येऊन पोचलो. मराठी शिलालेखात एखादं बिरुद किंवा संवत्सराचं नाव मिळाल्यावर अभ्यासक ज्या पद्धतीनं काळ ठरवतात, अगदी तीच ही पद्धत.

या हेन्रीला 'बळकट राहावा' असं लिहायची गरज का पडली असेल? पातं तुटलं होतं, हे उत्तर तर आहेच. पण हा तोच राजा, ज्याला पोप सातव्या ग्रेगरीनं बहिष्कृत केलं आणि जो १०७७ च्या हिवाळ्यात कानोसाच्या किल्ल्यापुढे क्षमा मागत उभा राहिला. ज्याच्या सत्तेलाच तडा गेला होता त्यानं सत्तेचं चिन्ह चांदीनं बांधून घेतलं. हा शेवटचा धागा माझा आहे, पत्र्यावर लिहिलेला नाही. पण वाचकानं एवढं विचारायला हरकत नसावी.

आता वरचा सोन्याचा पत्रा. तो चौथ्या चार्ल्सचा, चौदाव्या शतकातला, १३५० नंतरचा. त्यावरचा लेख फारच छोटा आहे. त्याचा अर्थ : प्रभूचा भाला आणि खिळा.

दोन्ही लेख शेजारी ठेवून पुन्हा वाचा. चांदी म्हणते, खिळा प्रभूचा, भाला संत मॉरिसचा. सोनं म्हणतं, दोन्ही प्रभूचे. अडीचशे वर्षांत लोखंड तेच राहिलं, मालक बदलला. आणि सोन्याचा पत्रा बसला नेमका चांदीच्या पत्र्यावर. जुन्या पाठावर नवा पाठ चढला.

चौथी पायरी : कागदावरची साक्ष

वस्तूवरचं वाचून झाल्यावर वस्तूबद्दल लिहिलेलं वाचायचं. या भाल्याचं सगळ्यात जुनं तपशीलवार वर्णन क्रेमोनाच्या लिउतप्रांदनं साधारण ९६० च्या आसपास लिहिलं. तो पाहिल्या हेन्रीची गोष्ट सांगतो. बर्गंडीचा राजा दुसरा रुडॉल्फ याच्याकडे एक अद्भुत भाला होता. हेन्रीनं तो आधी मागितला, मग धमकावलं, आणि शेवटी स्वाबियाचा काही प्रदेश देऊन मिळवला. दहाव्या शतकाच्या पूर्वार्धातली ही गोष्ट. एका भाल्यासाठी राजा जमीन देतो, यावरूनच त्या वस्तूची किंमत कळते.

लिउतप्रांदच्या वर्णनात पात्याच्या मधल्या कण्याशेजारच्या फटी आहेत, खिळ्यांपासून केलेले क्रूस आहेत. म्हणजे आपण पहिल्या पायरीत जे बघितलं ते दहाव्या शतकातही तसंच होतं. पण भाला कुणाचा म्हणून तो काय सांगतो? कॉन्स्टंटाइन सम्राटाचा. जिनं प्रभूचा क्रूस शोधून काढला असं परंपरा सांगते, त्या संत हेलेनाच्या मुलाचा. तो ना मॉरिसचं नाव घेतो, ना कुशीत खुपसलेल्या भाल्याचं.

म्हणजे यादी अशी होते. दहाव्या शतकात : कॉन्स्टंटाइनचा भाला. अकराव्या शतकात : संत मॉरिसचा भाला. चौदाव्या शतकात : प्रभूला भोसकणारा भाला. तीन नावं, एक लोखंड. या तिन्ही काळांत सातत्यानं टिकलेली गोष्ट एकच, ती म्हणजे मधला खिळा. मला वाटतं, सुरुवातीच्या लोकांसाठी खरा अवशेष तो खिळाच होता, भाला हे त्याचं घर होतं. नंतर घराचंच महत्त्व वाढत गेलं.

ही नावं मनाला येईल तशी चिकटवलेली नाहीत. संत मॉरिस हा थीब्सच्या पलटणीचा ख्रिस्ती सेनानी. सम्राटाची आज्ञा देवाच्या आज्ञेविरुद्ध जाते म्हणून ती नाकारून तो आपल्या शिपायांसह आजच्या स्वित्झर्लंडमध्ये हुतात्मा झाला, अशी परंपरा आहे. भाला आला तो बर्गंडीच्या राजाकडून, आणि संत मॉरिसचं मुख्य स्थान, आगाउनम, त्याच बर्गंडीच्या राज्यात होतं. तेव्हा हे नाव त्या मातीतूनच आलेलं आहे.

आणि लाँगिनस? ज्या शिपायानं भाला खुपसला त्याचं हे नाव. योहानाच्या शुभवर्तमानात ते नाहीच. ते येतं 'निकोदेमाचं शुभवर्तमान' या मागाहूनच्या, बायबलबाहेरच्या ग्रंथातून. ग्रीकमध्ये योहान भाल्यासाठी 'लाँखे' हा शब्द वापरतो. पुष्कळ अभ्यासकांना वाटतं की शस्त्राच्या नावावरूनच शिपायाचं नाव तयार झालं. म्हणजे आपल्याकडे 'भालेराव' म्हणावं तसं! सहाव्या शतकातल्या सीरियातल्या राब्बुला शुभवर्तमानाच्या चित्रात त्या शिपायाच्या डोक्यावर हे नाव लिहिलेलंही आहे. बिननावाच्या माणसाला गोष्टीनं नाव दिलं, आणि मग नावाला वस्तू शोधली गेली.

पाचवी पायरी : याचं काम काय होतं?

आता दुसरा प्रश्न : हा भाला कशासाठी?

उत्तर एका वाक्यात द्यायचं तर, राज्य कुणाचं ते दाखवण्यासाठी. त्याचा चांगला पुरावा १००२ सालचा आहे. त्या वर्षीच्या जानेवारीत तिसरा ओटो इटलीत तरुणपणीच वारला. त्याला मूल नव्हतं. लोक त्याचं शव घेऊन आल्प्स ओलांडून परत निघाले, तेव्हा बव्हेरियाचा ड्यूक हेन्री वाटेत आडवा आला आणि राजचिन्हं मागू लागला. कोलोनचा आर्चबिशप हेरिबर्ट यानं मात्र भाला आधीच गुपचूप पुढं पाठवून दिला होता. मग हेन्रीनं काय केलं? आर्चबिशपलाच अडकवून ठेवलं, आणि भाला परत मिळेपर्यंत त्याच्या भावाला ओलीस धरलं. त्याच वर्षी मेर्सेबुर्गला सॅक्सनीच्या ड्यूक बर्नहार्डनं हा भाला हातात घेऊन हेन्रीकडे राज्य सोपवलं. ही सगळी हकिकत मेर्सेबुर्गचा बिशप थिएटमार यानं लिहून ठेवली आहे.

म्हणजे मुकुट, बाकीची चिन्हं हातात असूनही भाल्याशिवाय त्या माणसाला चैन नव्हतं. वस्तू समारंभाची असली तरी समारंभ पोकळ नव्हता.

त्याआधी हा भाला रणांगणावरही जायचा, पण शस्त्र म्हणून नाही. ९३९ मध्ये बिर्टनच्या लढाईत पहिल्या ओटोचं सैन्य ऱ्हाईन नदीच्या दोन काठांवर विभागलं गेलं होतं. तेव्हा राजानं या खिळ्यांसमोर गुडघे टेकून प्रार्थना केली, असं लिउतप्रांद सांगतो. ९५५ मध्ये लेखफेल्डला मग्यारांविरुद्धच्या लढाईतही पवित्र भाला बरोबर होता.

१००० साली तिसऱ्या ओटोनं पोलंडमधल्या ग्नेझ्नोला जाऊन तिथल्या बोलेस्लाव्हला याच भाल्याची प्रतिकृती भेट दिली. ती आज क्राकोच्या वावेल कॅथेड्रलच्या संग्रहात आहे. प्रतिकृती म्हणजे नकली माल असं आपण समजतो. पण ओटो आणि बोलेस्लाव्ह, दोघांनाही ठाऊक होतं की ही नक्कल आहे. तरी ती देणं आणि घेणं हा दोन राज्यांमधला गंभीर व्यवहार होता.

पुढे दुसऱ्या कॉनराडच्या काळात, १०२४-२५ च्या सुमारास, एक मोठा सोन्याचा शाही क्रूस तयार झाला. तो आतून पोकळ आहे. त्याच्या आडव्या भुजेत हा भाला ठेवायची सोय केली होती. भाला लोकांच्या पुढं चालायचा तो आता क्रुसाच्या पोटात गेला. चौथ्या चार्ल्सच्या विनंतीवरून १३५४ मध्ये पोप सहाव्या इनोसंटनं जर्मनी आणि बोहेमियासाठी भाला आणि खिळ्यांचा वेगळा सणच मंजूर केला. तो सण आजच्या आपल्या उपासनेच्या दिनदर्शिकेत नाही. १४२४ पासून राजचिन्हं न्युरेंबर्ग शहरात राहिली, आणि दरवर्षी पुनरुत्थानाच्या सणानंतर ती लोकांना उंचावरून दाखवली जायची. धर्मसुधारणेची लाट आल्यावर १५२४ मध्ये शहरानं ते दाखवणं बंद केलं.

राजाची खूण, लढाईतला आधार, दोन देशांमधली भेट, सणाचं कारण, जत्रेचं आकर्षण. भाल्याचं 'काम' प्रत्येक पिढीनं नवं ठरवलं.

बाकीचे भाले

व्हिएन्नाचा भाला एकटा नाही. सहाव्या शतकातले यात्रेकरू येरुशलेममध्ये भाला पाहिल्याचं सांगतात. १०९८ मध्ये पहिल्या धर्मयुद्धात वेढ्यात अडकलेल्या सैनिकांनी अँटिओकच्या चर्चच्या जमिनीखालून एक भाला उकरून काढला. तो दाखवणाऱ्या पीटर बार्थोलोम्यूवर त्याच्याच छावणीतल्या लोकांनी संशय घेतला, आणि पुढच्या वर्षी अग्निदिव्यानंतर तो वारला. १४९२ मध्ये तुर्की सुलतान दुसरा बायझीद यानं पोप आठव्या इनोसंटला एक भाला पाठवला. तो रोमच्या संत पेत्राच्या महामंदिरात आहे, आणि तिथंच बर्निनीनं घडवलेला लाँगिनसचा प्रचंड पुतळा उभा आहे. अर्मेनियातल्या एचमियाद्झिनमध्ये आणखी एक आहे. तो पूर्वी ज्या मठात होता त्याचं नावच गेघार्द, म्हणजे भाला. आपल्या जवळचं उदाहरण हवं तर चेन्नईतल्या सांतोमला प्रेषित थॉमसच्या हौतात्म्याशी जोडलेलं भाल्याचं टोक जपलेलं आहे. गोष्ट वेगळी, पण प्रश्न तेच.

एका घटनेचे इतके भाले! हसू येतं खरं. पण हे सगळे जपणारे लोक मूर्ख होते असं मानणं सोपं आहे, आणि आळशीपणाचंही.

मग खरा की खोटा?

हॉस्टेलवर या विषयावर बोलणं निघालं की दोन टोकाचे सूर लागतात. एकीकडे "ज्याच्या हातात हा भाला तो जग जिंकतो" अशा थाटाचे व्हिडिओ. त्यांचं मूळ बहुतांशी १९७२ मध्ये निघालेल्या ट्रेव्हर रेव्हन्सक्रॉफ्टच्या पुस्तकात आहे, आणि त्याला इतिहासकार पुरावा मानत नाहीत. दुसरीकडे "सगळे अवशेष म्हणजे फसवणूक, तुमचा धर्मच असा" हा टोमणा. दोघंही वस्तूकडे न बघताच बोलतात.

पहिल्यांचं तर मला भय वाटतं. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळल्यावर नाझींनी ही राजचिन्हं व्हिएन्नाहून उचलून न्युरेंबर्गला नेली. जुन्या साम्राज्याचे वारस आम्हीच, हे त्यांना दाखवायचं होतं. १९४५ मध्ये अमेरिकन सैन्यानं न्युरेंबर्ग घेतलं आणि १९४६ मध्ये वस्तू व्हिएन्नाला परत गेल्या. भाल्यात जादू नव्हती. पण 'वस्तू ज्याची त्याचा इतिहास' या समजुतीत मात्र ताकद होती, आणि ती किती वाईट हातांत जाऊ शकते ते दिसलं. सीमाभागात वाढलेल्या आपल्यासारख्यांना 'हे मुळात कुणाचं' हा प्रश्न किती पेटू शकतो, हे वेगळं सांगायला नको.

दुसऱ्यांना मी एवढंच सांगेन की, कॅथलिक विश्वास कुठल्याही एका लोखंडाच्या तुकड्यावर टांगलेला नाही. अमुक अवशेष खराच आहे असं मानणं श्रद्धेची अट नाही. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेनं नवे अवशेष बिशपच्या परीक्षेशिवाय स्वीकारू नयेत असं ठरवलं, म्हणजे शंका घ्यायची सोय चर्चनंच करून ठेवली आहे. माझ्यापुरतं सांगायचं तर, भाला आठव्या शतकातला आहे हे कळल्यावर गुड फ्रायडेचं वाचन मला काही कमी वाटत नाही. योहानाला शस्त्राबद्दल सांगायचंच नव्हतं. तो कुशीतून निघालेल्या रक्त-पाण्याबद्दल सांगतोय.

हाच विचार आपल्या मराठी मुलखातल्या एका वस्तूला लावून बघा. जुलै २०२४ पासून साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं काही काळासाठी पाहायला ठेवली गेली. ती ज्या पेटीत आहेत त्या पेटीवरचा लेख सांगतो की ही शिवाजी महाराजांची वाघनखं, साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याला पेशव्यांच्या प्रधानानं दिली. लंडनच्या संग्रहालयाचं म्हणणं असं की अफझलखानाच्या भेटीतली वाघनखं हीच, याची खात्री करता येत नाही. यावर पेपरांत खूप भांडण झालं. पण आपण चांदीच्या पत्र्यासारखं वाचलं तर? तो लेख १६५९ ची साक्ष देत नाही. तो एकोणिसाव्या शतकातल्या लोकांना काय वाटत होतं त्याची साक्ष देतो. ही साक्षही मोलाची आहे. महाराजांचा पराक्रम पेटीवरच्या लेखावर अवलंबून नाही, त्यामुळे लेखाला प्रश्न विचारल्यानं त्यांचं काही कमी होत नाही.

आपल्यासाठी पाच प्रश्न

कुठलीही अनोळखी वस्तू समोर आली, मग ती भाला असो, देवघरातली मूर्ती असो की चर्चच्या सॅक्रिस्टीतला जुना चषक असो, तर हे पाच प्रश्न याच क्रमानं विचारावेत, असं मी सुचवते :

१. नाव न घेता वर्णन करता येतं का? माप, धातू, तुटफूट, जोड, दुरुस्ती आधी लिहा. 'अमक्याची तलवार' असं पहिल्याच ओळीत लिहिलंत तर डोळे मिटलेच म्हणून समजा.

२. हा घाट आणखी कुठं दिसतो? एकटी वस्तू मुकी असते. तिच्यासारख्या दहा बघितल्या की ती बोलू लागते.

३. उपयोगाला न शोभणारा भाग कुठला? पात्यातली फट आठवा. जिथं वस्तू आपलं मूळ काम सोडते, तिथं तिचं दुसरं आयुष्य सुरू होतं.

४. लेख कुणी, कधी, कशासाठी कोरला? तो स्वतःच्या काळाबद्दल सांगतो की जुन्या काळाबद्दल दावा करतो? दोन्ही वेगळं धरा.

५. ही वस्तू जपणाऱ्यांनी तिच्याकडून कोणतं काम करून घेतलं? त्यात फायदा कुणाचा झाला, आधार कुणाला मिळाला?

हे प्रश्न आपल्याला नवीन नाहीत. १५८४ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती शोधून पाठ शुद्ध केला, तेव्हा मागाहून शिरलेलं वेगळं काढायचं काम त्यांनी केलंच. ज्ञानेश्वरीवर श्रद्धा होती म्हणूनच केलं. श्रद्धा आणि चिकित्सा एका माणसात सुखानं नांदू शकतात, याचं आपल्या भाषेतलं याहून चांगलं उदाहरण मला सापडत नाही.

मंडळाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकानं घरातली एक जुनी वस्तू, किंवा निदान तिचा फोटो, घेऊन यावा. आज्जीचा अडकित्ता चालेल, पणजोबांच्या लग्नातला तांब्या चालेल, जपमाळ चालेल. पाच प्रश्नांची उत्तरं एका पानात लिहून आणा. पहिल्या ओळीत फक्त माप आणि धातू लिहायचा. कुणाची आहे ते शेवटच्या ओळीत.